रायनएअर ४९७८ : खोट्या बॉम्बधमकीने उतरवलेले विमान आणि त्यानंतरचे निर्णय

प्रकरण थोडक्यात

२३ मे २०२१, रविवार. अथेन्सहून व्हिल्नियसला (लिथुआनिया) निघालेले रायनएअरचे एफआर ४९७८ हे विमान बेलारूसच्या हद्दीतून जात होते. त्या हद्दीत शिरताच ‘तुमच्या विमानात बॉम्ब आहे’ असे मिन्स्कच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने वैमानिकांना कळवले, आणि विमान मिन्स्कला उतरवण्यात आले. बॉम्ब नव्हताच. विमानात बेलारूसच्या सरकारला हवा असलेला २६ वर्षांचा एक पत्रकार होता. त्याला आणि त्याच्यासोबतच्या तरुणीला विमानतळावरच अटक झाली.

हुकूमशाही राजवट आपल्या टीकाकाराला सीमेपलीकडे जाऊन गाठते, ही गोष्ट नवी नाही. विषप्रयोग, अपहरण, फोनमधली हेरगिरी हे सगळे आधी झालेले आहे. या प्रकरणात राजवटीने वापरली ती नागरी विमानसेवेची सुरक्षायंत्रणा. नियंत्रक सांगतो ते खरे, या एका गृहीतकावर रोजची हजारो उड्डाणे चालतात, आणि नेमके तेच गृहीतक इथे हत्यार झाले. म्हणून हे प्रकरण टप्प्याटप्प्याने पाहायला हवे. खाली वैमानिक, नियंत्रक आणि अटक झालेले दोघे यांची नावे दिलेली नाहीत. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींची आणि संस्थांची दिली आहेत. वेळा स्थानिक आहेत. उन्हाळ्यात अथेन्स, मिन्स्क आणि व्हिल्नियस या तिन्ही ठिकाणी घड्याळ एकच असते.

पार्श्वभूमी

अलेक्सांदर लुकाशेन्को १९९४ पासून बेलारूसचे अध्यक्ष आहेत. ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत त्यांना ८० टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले आणि देशभर निदर्शने पेटली. इंटरनेट बंद पडत असे, तेव्हा लोक ‘नेक्स्टा’ या टेलिग्राम चॅनेलवर अवलंबून राहिले. पोलंडमधून चालणाऱ्या या चॅनेलचे वाचक वीस लाखांच्या आसपास गेले होते. कुठे जमायचे, पोलीस कुठे आहेत, कोणाला उचलले, हे सगळे तिथे कळायचे. अटक झालेला पत्रकार याच चॅनेलचा माजी संपादक. नोव्हेंबर २०२० मध्ये बेलारूसच्या केजीबीने (त्या देशात गुप्तचर खात्याचे नाव आजही तेच आहे) त्याला दहशतवाद्यांच्या यादीत टाकले.

मे २०२१ मध्ये बेलारूसच्या विरोधी नेत्या स्वियातलाना त्सिखानोव्स्काया अथेन्सच्या दौऱ्यावर होत्या आणि त्या दौऱ्याचे वार्तांकन करायला हा पत्रकार गेला होता. त्सिखानोव्स्काया आठवडाभर आधी याच मार्गाने परतल्या होत्या. अथेन्सच्या विमानतळावर एक माणूस आपल्या कागदपत्रांचे फोटो काढू पाहतो आहे, असे पत्रकाराने सहकाऱ्यांना संदेशातून कळवले होते. तरीही तो विमानात चढला. युरोपीय संघाच्या एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जाणारे युरोपीय कंपनीचे विमान, यात धोका कसला, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. मधला हवाई मार्ग बेलारूसवरून जातो, ही बाब प्रवाशाच्या तिकिटावर कुठेच दिसत नाही.

आकाशातली सतरा मिनिटे

विमान बोइंग ७३७-८००, आत १२६ प्रवासी आणि ६ कर्मचारी. युक्रेनच्या नियंत्रणाकडून ते मिन्स्कच्या नियंत्रणाकडे आले. साडेबाराच्या सुमारास नियंत्रकाने कळवले की, विशेष सेवांकडून (म्हणजे सुरक्षा आणि गुप्तचर यंत्रणांकडून) मिळालेल्या माहितीनुसार विमानात बॉम्ब आहे आणि व्हिल्नियसवर त्याचा स्फोट होऊ शकतो. लगोलग मिन्स्कला उतरण्याची शिफारस झाली.

वैमानिकांनी जे विचारायला हवे तेच विचारले. माहिती कुठून आली? उत्तर : विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना इमेल आला आहे. कुठल्या विमानतळाच्या, व्हिल्नियसच्या की ग्रीसच्या? उत्तर : इमेल अनेक विमानतळांना गेला आहे. मिन्स्कला वळण्याची शिफारस कोणाची, कंपनीची की निघालेल्या किंवा पोचायच्या विमानतळाची? उत्तर : ही आमची शिफारस आहे. मग त्यांनी धोक्याचा रंग विचारला. थोड्या वेळाने उत्तर आले : ‘ते म्हणतात, लाल.’ हे ‘ते’ कोण, ते त्या संभाषणात शेवटपर्यंत उघड झाले नाही.

‘लाल’ ऐकल्यावर वैमानिकांनी आहे त्याच जागी घिरट्या घालण्याची परवानगी मागितली. १२ वाजून ४७ मिनिटांनी त्यांनी ‘मेडे’, म्हणजे संकटाची अधिकृत हाक, जाहीर केले आणि विमान मिन्स्ककडे वळवले. त्या क्षणी ते लिथुआनियाच्या सीमेजवळ होते. व्हिल्नियस मिन्स्कपेक्षा बरेच जवळ होते. सव्वाच्या सुमारास विमान मिन्स्कला उतरले.

बेलारूसने मिग-२९ लढाऊ विमान पाठवले होते, आणि पहिल्या दिवशी जगभर बातमी झाली ती त्याचीच. मात्र विमान वळवण्याचा निर्णय लढाऊ विमानामुळे झालेला नाही. ते आपल्या मागावर आहे हे वैमानिकांना माहीतही नव्हते. निर्णय झाला तो रेडिओवर ऐकलेल्या शब्दांवर.

अडचण नेमकी कुठे होती

बॉम्बधमकीची वर्गवारी सहसा तीन रंगांत करतात. हिरवा म्हणजे धमकीत दम नाही, जादा काही करायला नको. अंबर (पिवळसर नारिंगी) म्हणजे शंका आहे, तपासणी वाढवा. लाल म्हणजे धमकी नेमकी आणि विश्वासार्ह आहे, तातडीने पावले उचला. हा रंग ठरवण्याचे काम विमान कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचे असते. तो उड्डाण क्रमांक, वेळ आणि जागा किती नेमकी आहे, धमकी देणाऱ्याला आतली माहिती आहे का, मजकूर याआधी कुठे फिरला आहे का, हे तपासून ठरवतो. नियंत्रकाचे काम निरोप पोचवण्याचे. इथे निरोप, त्याचे मूल्यमापन आणि पुढची शिफारस या तिन्ही गोष्टी एकाच आवाजातून आल्या. वैमानिकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा त्याच आवाजाकडे गेला.

कंपनीशी बोलायचा प्रयत्न त्यांनी केला. रायनएअरचे प्रमुख मायकेल ओ’लिअरी यांनी जून २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितले की, पोलंडमधल्या आमच्या कार्यालयाशी जोडून द्या, अशी विनंती वैमानिकांनी वारंवार केली आणि ‘तुमच्याकडून कोणी फोन उचलत नाही’ असे त्यांना सांगण्यात आले. ते खोटे होते.

धमकीच्या शब्दांकडेही नीट पाहायला हवे. ‘स्फोट व्हिल्नियसवर होईल’ या एका वाक्याने सर्वात जवळचे आणि सर्वात सुरक्षित विमानतळ पर्यायांतून बाद केले. रडारवर विमान कुठे आहे, कोणत्या क्षणी कोणता विमानतळ जवळ पडतो आणि लाल रंग कळल्यावर वैमानिकाची कार्यपद्धती काय असते, हे जाणणाऱ्यानेच ते वाक्य तयार केले असणार.

‘शिफारस’ हा शब्दही असाच मोजूनमापून वापरलेला होता. हुकूम कोठेही दिलेला नाही. उलट ‘तुमचा निर्णय कळवा’ असे पुन्हा पुन्हा विचारले गेले. निर्णय वैमानिकाच्या तोंडून यावा, म्हणजे नंतर ‘आम्ही तर फक्त मदत केली’ असे म्हणता येते. बेलारूसने पुढे सगळीकडे हीच बाजू मांडली.

वैमानिकांसमोरचे पर्याय

पहिला : व्हिल्नियसला जाणे. अंतर सर्वात कमी, धावपट्टी ओळखीची, सुरक्षा कर्मचारी भरवशाचे. पण निरोप खरा असेल तर स्फोट तिथेच होणार होता, आणि ठरावीक उंचीवर फुटणारा बॉम्ब विमान खाली येताना फुटू शकतो ही भीती प्रत्येक वैमानिकाच्या प्रशिक्षणात असते.

दुसरा : सीमा ओलांडून कौनास किंवा वॉर्सा गाठणे. कौनास व्हिल्नियसच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे. राजकीयदृष्ट्या हा पर्याय उत्तम. पण लाल धमकीत जवळच्या योग्य विमानतळावर लवकरात लवकर उतरायचे असते, आणि बॉम्ब खरा मानला तर हवेतले प्रत्येक जादा मिनिट वैमानिकाच्या अंगावर येते.

तिसरा : घिरट्या घालत वेळ काढणे आणि तेवढ्यात दुसऱ्या मार्गाने खातरजमा करणे. वैमानिकांनी हा मार्ग धरला होता, पण फार वेळ नाही. कंपनी लागत नाही म्हटल्यावर थांबून मिळणार काय, हा प्रश्न उरतोच.

चौथा : मिन्स्क.

समोर असलेल्या माहितीवर त्यांनी चौथा पर्याय निवडला तो चूक म्हणता येत नाही. १३२ जीव, लाल रंग आणि एकच आवाज. कोणत्याही जबाबदार वैमानिकाने बहुधा हेच केले असते. ज्यांनी हा बनाव रचला त्यांचा हिशेब नेमका यावरच उभा होता : वैमानिक प्रामाणिकपणे आपले काम करतील.

मिन्स्कच्या धावपट्टीवर

विमानात खरोखर बॉम्ब असता तर ते दूरच्या कोपऱ्यात उभे करून प्रवाशांना पहिल्या काही मिनिटांत बाहेर काढले गेले असते. तसे झाले नाही. प्रवासी विमानात थांबले, मग त्यांना हातसामानासकट लहान लहान गटांनी उतरवले आणि एकेकाची झडती घेतली. विमान मिन्स्ककडे वळतेय हे कळताच पत्रकार घाबरला होता. इथे आपल्याला मृत्युदंड होईल, असे तो म्हणाल्याचे शेजारच्या प्रवाशांनी नंतर सांगितले. त्याने लॅपटॉप आणि फोन सोबतच्या तरुणीकडे दिले. थोड्याच वेळात तिलाही अटक झाली.

कर्मचाऱ्यांवर दुसऱ्या प्रकारचा दबाव आला. आम्ही स्वेच्छेने मिन्स्कला उतरलो, असे कॅमेऱ्यासमोर सांगा, असा आग्रह झाला. ओ’लिअरी यांच्या साक्षीनुसार कर्मचाऱ्यांनी नकार दिला. या प्रकरणातले हे सर्वात मोलाचे पाऊल ठरले. तो जबाब नोंदला गेला असता तर पुढच्या प्रत्येक चौकशीत तोच आडवा आला असता.

सात तासांनी विमान सुटले आणि रात्री साडेनऊच्या सुमारास व्हिल्नियसला पोचले. पाच प्रवासी कमी होते. अटक झालेले दोघे सोडून आणखी तिघे मिन्स्कलाच उतरले होते. ते केजीबीचे लोक असावेत, असा संशय ओ’लिअरी यांनी व्यक्त केला. बेलारूसच्या सरकारी दूरचित्रवाणीने मात्र ते साधे प्रवासी असल्याचे सांगितले.

युरोपपुढचे पर्याय

योगायोगाने दुसऱ्याच दिवशी, २४ मे रोजी, युरोपीय संघाच्या नेत्यांची बैठक आधीच ठरलेली होती. त्यामुळे निर्णय लवकर झाले. नेत्यांच्या हाती मुख्यतः चार साधने होती.

निषेध नोंदवून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे (आयसीएओ) प्रकरण सोपवणे हे पहिले. कायदेशीर आधार भक्कम होता. विमानाच्या सुरक्षेला धोका होईल अशी खोटी माहिती जाणूनबुजून देणे हा १९७१ च्या माँट्रियल करारात स्पष्ट गुन्हा आहे. १९४४ च्या शिकागो कराराला १९८४ मध्ये जोडलेले ‘३ बिस’ हे कलमही (नागरी विमानाविरुद्ध शस्त्र वापरायला मनाई करणारे) याच कुळातले. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअरलाइन्सचे विमान पाडल्यानंतर ते आले. पण आयसीएओकडे पोलीस नाहीत आणि दंडही नाही. शिवाय या वाटेला वेळ लागतो.

हवाई निर्बंध हे दुसरे साधन. आपल्या कंपन्यांना बेलारूसवरून उडू नका म्हणायचे आणि बेलाविया या त्यांच्या सरकारी कंपनीला युरोपात बंदी घालायची. तत्काळ लागू होणारे, स्वस्त आणि गुन्ह्याशी थेट जुळणारे. याची किंमत मात्र भलत्यांनी मोजली. बेलारूसने डिसेंबर २०२० पासून कोविडचे कारण देऊन आपल्या नागरिकांना जमिनीवरून देश सोडण्यावर मर्यादा घातल्या होत्या. आता पश्चिमेकडची विमानेही बंद झाली. देशातून निसटू पाहणाऱ्या सामान्य माणसाची वाट आणखी अरुंद झाली, आणि ही बाजू त्या बैठकीत जितकी तपासायला हवी होती तितकी तपासली गेल्याचे दिसत नाही.

तिसरे, जबाबदार अधिकाऱ्यांवर वैयक्तिक निर्बंध. चौथे, अर्थव्यवस्थेच्या नाड्यांवर निर्बंध : पोटॅश, पेट्रोलियम पदार्थ, तंबाखू, बँका.

काय केले

हवाई निर्बंध आधी आले. लिथुआनियाने दोन दिवसांत आपल्या विमानतळांवर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना बेलारूसचा मार्ग बंद केला, ४ जूनला युरोपीय संघाची बंदी लागू झाली. २१ जूनला ७८ व्यक्ती आणि ८ संस्थांवर निर्बंध आले. त्यांतल्या ७ व्यक्ती आणि १ संस्था थेट या विमानाशी संबंधित होत्या. २४ जूनला आर्थिक निर्बंध आले.

आर्थिक निर्बंधांत एक मोठे भगदाड राहिले आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पोटॅशची बंदी रासायनिक प्रतवारीवर लिहिलेली होती. ज्यात पोटॅशियम ऑक्साइडचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत आहे किंवा ६२ टक्क्यांहून जास्त आहे, असा माल बंद. बेलारूसची मुख्य निर्यात ६० टक्क्यांच्या आसपासच्या प्रतीची, म्हणजे नेमकी मधली. ती सुटली. जगाच्या पोटॅशपैकी सुमारे पाचवा हिस्सा बेलारूस पुरवत होता, त्यामुळे खतटंचाईची भीती खरी होती. पण मग तसे उघड सांगून टप्प्याटप्प्याने बंदी घालता आली असती. मालगाड्या लिथुआनियाच्याच रुळांवरून क्लाइपेडा बंदराकडे धावत राहिल्या. ऑगस्टमध्ये अमेरिकेने बेलारुसकाली या बेलारूसच्या सरकारी पोटॅश कंपनीवर निर्बंध घातले, तरी डिसेंबरमध्ये मालवाहतूक चालूच असल्याचे पाहून लिथुआनियाच्या सरकारमध्येच वादळ उठले. ती वाहतूक बंद झाली १ फेब्रुवारी २०२२ ला. युरोपीय संघाने सगळ्या प्रतीच्या पोटॅशवर बंदी घातली ती मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर.

हा धागा महाराष्ट्राच्या शेतापर्यंत येतो. म्युरेट ऑफ पोटॅश या खतासाठी भारत आयातीवर विसंबून आहे आणि बेलारूस हा महत्त्वाचा पुरवठादार होता. २०२१ च्या सुरुवातीला भारताचा करार टनामागे २४७ डॉलरने झाला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोच भाव ५९० डॉलरवर गेला. ऊस, केळी आणि द्राक्षाच्या शेतकऱ्याला पोटॅशची टंचाई आणि पिशवीचा वाढलेला भाव दोन्ही सोसावे लागले. या भाववाढीला इतरही कारणे होती, जहाजभाडे आणि जगभरची वाढलेली मागणी; पण निर्बंधांचा वाटा त्यात नक्की आहे.

पुरावा कसा जमला

२७ मे रोजी आयसीएओच्या परिषदेने तथ्यशोधन चौकशी सुरू केली. पहिला कळीचा धागा इमेलचा होता. ‘हमासचे सैनिक’ म्हणवणाऱ्या कोणीतरी गाझात शस्त्रसंधीची मागणी करत धमकी दिल्याचे बेलारूसने दाखवले. ती शस्त्रसंधी दोन दिवस आधीच, २१ मे रोजी झालेली होती, आणि हमासने हात झटकले. इमेल प्रोटॉनमेल या स्वित्झर्लंडमधल्या सेवेवरून आलेला. स्विस अधिकाऱ्यांमार्फत मिळालेल्या नोंदीनुसार मिन्स्क विमानतळाला तो पाठवला गेला १२ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास. म्हणजे वैमानिकांना ‘इमेल आला आहे’ असे सांगितल्यानंतर जवळजवळ अर्ध्या तासाने, आणि विमान वळल्यानंतरही दहा मिनिटांनी. आपल्याकडे १२ वाजून २५ मिनिटांचाही एक इमेल आहे, असे बेलारूसचे म्हणणे होते. त्याची खातरजमा चौकशी पथकाला करता आली नाही.

जानेवारी २०२२ च्या पहिल्या अहवालात धमकी जाणूनबुजून दिलेली खोटी धमकी होती इतके म्हटले, पण ती कोणाची हे ठरवता आले नाही. बेलारूसने कित्येक नोंदी दिल्याच नाहीत. त्याच महिन्यात अमेरिकेने विमान अपहरणाच्या कटाचे आरोपपत्र दाखल केले. त्यात बेलारूसच्या हवाई नियंत्रण संस्थेचे त्या वेळचे प्रमुख लियोनिद चुरो यांच्यासह चार अधिकारी आरोपी आहेत. विमान अथेन्सहून उडण्याआधीच धमकीची ‘माहिती’ नियंत्रण कक्षात पोचवली गेली, असा त्यातला आरोप आहे.

प्रकरण खऱ्या अर्थाने उलगडले ते नियंत्रकामुळे. त्या दिवशी रेडिओवर ज्याचा आवाज होता तो माणूस नंतर देश सोडून गेला आणि त्याने साक्ष दिली. विमान हद्दीत येण्याआधीच केजीबीचा अधिकारी नियंत्रण कक्षात आला होता, काय सांगायचे ते आधीच ठरलेले होते, आणि तो अधिकारी फोनवर कोणाला तरी प्रत्येक घडामोड कळवत होता. ही साक्ष जुलै २०२२ च्या अंतिम अहवालाचा कणा ठरली. परिषदेने बेलारूसच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे बोट दाखवून निषेध केला आणि करारभंगाची बाब आपल्या महासभेपुढे नेली. घटनेपासून चौदा महिने गेले होते.

परिणाम

तरुणीला मे २०२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, पत्रकाराला मे २०२३ मध्ये आठ वर्षांची. त्याआधी, २०२१ मध्येच, कोठडीतून तो सरकारी दूरचित्रवाणीवर आला, रडत लुकाशेन्कोंची स्तुती केली, सहकाऱ्यांवर आरोप केले. कोठडीतल्या माणसाच्या अशा मुलाखतीला जबाब मानू नये. मे-जून २०२३ मध्ये दोघांनाही माफी मिळाली.

राजवटीने युरोपला उत्तर दिले ते वेगळ्या दिशेने. २६ मे रोजीच लुकाशेन्को जाहीरपणे म्हणाले होते की, आजवर आम्ही अमली पदार्थ आणि स्थलांतरित अडवत होतो, आता तुमचे तुम्ही पाहा. उन्हाळ्यात इराक आणि इतर देशांतून मिन्स्कला येणारे प्रवासी वाढले आणि तिथून त्यांना लिथुआनिया, लाटव्हिया, पोलंडच्या सीमेवर आणून सोडले जाऊ लागले. लिथुआनियात २०२० च्या संपूर्ण वर्षात बेलारूसकडून अवैध मार्गाने आलेले लोक शंभरच्या आत होते, २०२१ मध्ये चार हजारांहून जास्त. लिथुआनियाने २ जुलैला आणीबाणी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये पोलंडच्या कुझनित्सा नाक्यावर हजारो माणसे थंडीत अडकली. दोन्ही बाजूंच्या जंगलात माणसे मेली. त्यांत राजवटीशी काहीही देणेघेणे नसलेली कुटुंबे होती, आणि सीमेवरून ढकलून परत पाठवण्याच्या युरोपीय देशांच्या धोरणाचाही त्या मृत्यूंत वाटा आहे.

वेगळे काय करता आले असते

*विमानात.* धमकी आणि तिचा रंग एकाच स्रोताकडून आला तर तो अपुरा मानावा, असा लेखी नियम कंपनीच्या कार्यपद्धतीत हवा. कंपनी लागत नसेल तर क्रम ठरलेला असावा : १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या लहरीवर हाक, जवळच्या दुसऱ्या विमानामार्फत निरोप, आणि पुढच्या देशाच्या नियंत्रकाशी थेट संपर्क. दहा-बारा किलोमीटर उंचीवरून व्हीएचएफ रेडिओ तीनशे किलोमीटरहून दूर पोचतो, व्हिल्नियस त्याच्या कितीतरी आत होते. वैमानिकांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. ऐन वेळी, १३२ जणांची जबाबदारी डोक्यावर असताना, असा क्रम नव्याने सुचत नाही. तो आधीच कागदावर हवा.

*धमकीच्या मूल्यमापनात.* भारतात हे काम विमानतळावरच्या बॉम्ब धमकी मूल्यमापन समितीकडे असते. विमानतळ, कंपनी, सुरक्षा दल असे वेगवेगळे प्रतिनिधी बसून धमकी ‘नेमकी’ की ‘मोघम’ हे ठरवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विमानांना शेकडो खोट्या धमक्या आल्या आणि मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान दिल्लीला उतरवावे लागले, तेव्हा ही पद्धत किती वेळ खाते यावर टीका झाली. टीका रास्त होती. पण निर्णय एकाच्या हाती नसणे हा तिचा गुण मिन्स्कच्या प्रकरणासमोर ठेवला की कळतो. वेग वाढवताना तो गुण घालवू नये.

*मार्ग ठरवताना.* जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे प्रवासी विमान पाडले गेल्यापासून कंपन्या हवाई मार्गाचा धोका तपासतात, पण ती तपासणी क्षेपणास्त्रे आणि युद्धक्षेत्राभोवती फिरते. ज्या देशावरून जातो त्याचे सरकारच खोटे बोलेल, हा रकाना त्यात नव्हता.

*प्रवाशाच्या बाजूने.* निर्वासित पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी तिकीट काढण्याआधी त्या उड्डाणाचा गेल्या आठवड्यातला प्रत्यक्ष मार्ग विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहावा. थेट विमान धोक्याच्या देशावरून जात असेल तर पश्चिमेकडून, वॉर्सा किंवा फ्रँकफर्टमार्गे जावे. खर्च वाढतो, पण वाट बदलते. पाळत असल्याचा संशय आला तर त्या दिवशी प्रवास करूच नये. चढायचेच असेल तर चॅनेलचे व्यवस्थापकीय अधिकार आधी सहकाऱ्याकडे द्यावेत, फोन पूर्ण बंद करावा. आयत्या वेळी उपकरणे सोबत्याच्या हाती देण्याचा उपयोग होत नाही, सोबती पकडला जातो.

*सरकारांच्या बाजूने.* लुकाशेन्कोंचा इशारा २६ मेला उघड झाला होता. बगदादहून मिन्स्कला किती विमाने जातात हे कोणालाही दिसत होते. तरी इराकशी बोलणी जोरात सुरू झाली जुलैमध्ये, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिथली विमाने थांबली. तुर्कस्तानने इराक, सीरिया आणि येमेनच्या नागरिकांना बेलारूसचे विमान नाकारायला सुरुवात केली ती १२ नोव्हेंबरला. हीच बोलणी जूनमध्ये झाली असती तर कुझनित्साला अडकलेल्यांपैकी बरेच जण घरूनच निघाले नसते.

*चौकशीत.* आयसीएओच्या पथकाला नोंदी मागाव्या लागल्या त्या आरोपी राज्याकडेच. अशा घटनेनंतर चोवीस तासांत शेजारच्या सगळ्या देशांनी आपापल्या रडारच्या, रेडिओच्या आणि इमेलच्या नोंदी जतन करून एका ठिकाणी जमा कराव्यात, असा बंधनकारक नियम करायला हवा. कारण राज्याने नोंदी नाकारल्यावर उरतो तो एखादा माणूस, जो आपली नोकरी, घर आणि देश सोडून साक्ष द्यायला येतो. चौकशीची सगळी मदार त्याच्यावर ठेवू नये, आणि तो आलाच तर त्याला आश्रय, सुरक्षा आणि काम मिळेल याची तजवीज साक्ष नोंदवण्याआधी झालेली असावी.